निशाताईंचं राहू दे

आमच्या फौंड्रीत सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी गोल उभं राहून बोलायचं असतं. खुर्च्या मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. बसलं की माणूस लांबण लावतो, असं राजवर्धन सरांचं म्हणणं. काल काय झालं, आज काय करणार आणि कुठं अडलंय, एवढंच प्रत्येकानं सांगायचं. सर मालकांचे चिरंजीव, माझ्याहून वयानं लहान. पुण्यात शिकून आल्यावर त्यांनी ही पद्धत आणली. सुरुवातीला मोल्डिंगवाले हसायचे, याला शाळेची प्रार्थना म्हणायचे. पुढं त्यांनाच सवय लागली. सुट्टीच्या दिवशी घरी चुकल्याचुकल्यासारखं होतं असं आमच्या लॅबमधले जोतीरामभाऊ म्हणायचे, "बायकोला म्हटलं, तू बी सांग कुठं अडलंय. ती म्हणाली, तुमच्यापाशीच."

आई गेल्यानंतर मी कामावर परत आले त्या सकाळी माझी पाळी आली. मी तोंड उघडलं होतं.

"निशाताईंचं राहू दे," राजवर्धन सर हलक्या आवाजात म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

त्या दिवशी मला बरं वाटलं. खरोखर सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

टेबलावर गेले तर ते पुसून लख्ख केलेलं. माझ्या फायली जोतीरामभाऊंच्या कपाटात गेलेल्या. खुर्ची खिडकीजवळ सरकवलेली. शेजारच्या टेबलावरची संयोगिता, आमच्या लॅबमधली सगळ्यात तरुण मुलगी, चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही निवांत बसा. सगळं हाय बघायला." दुपारी तिनं माझ्यापुरता वेगळा डबा काढला. ज्वारीची भाकरी, वांगं आणि शेंगदाण्याची चटणी. मी जेवले. आई गेल्यापासून माझी भूक कुठल्या वेळेला लागेल याचा नेम राहिला नव्हता, पण त्या दिवशी मी जेवले.

माझं काम काय ते सांगते. आम्ही पंपांच्या बॉड्या ओततो. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं की लोखंड ओतताना आत वाफ कोंडते आणि मालात छिद्रं राहतात. वरून बॉडी साजरी दिसते, गिऱ्हाइकाकडं गेल्यावर पाणी गळतं. ही छिद्रं का पडतात, कुठल्या पाळीत पडतात, याच्यामागं मी वर्षभर होते. रोज सकाळी शॉपवर जाऊन वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडून बघायची, मग नमुना लॅबमध्ये आणायचा. परत येणारा माल कमी झाला होता. पुण्याचं एक मोठं गिऱ्हाईक हेच बघायला येणार होतं. त्यांचं ऑडिट नीट झालं तर नवं काम मिळणार होतं, आणि आई आजारी पडायच्या आधी राजवर्धन सर मला म्हणाले होते, "मॅडम, ऑडिटला तुम्ही उभ्या राहा. ते झालं की डिपार्टमेंट तुमच्याकडं."

मला ते हवं होतं. आई असतानाही हवं होतं आणि ती गेल्यावरही. हे दोन्ही एकाच वाक्यात कसं बसवायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळीही माझं राहू दिलं. तिसऱ्याही. मग कुणी "राहू दे" म्हणायचंसुद्धा सोडलं. पाळी माझ्यावरून आपोआप पुढं जायला लागली, जसं वाटेतल्या खड्ड्याला वळसा घालून चाक जातं. मी गोलात उभी असायचे. माझ्या डावीकडचा माणूस थांबला की उजवीकडचा सुरू करायचा.

एका सकाळी मी शॉपवर गेले. आकाराम मोल्डिंगवर असतात, जुने कामगार. मी वाळूत हात घालायला वाकले तसे ते लगबगीनं पुढं आले.

"ताई, तुम्ही कशाला? जोतीरामभाऊ बघून गेलं की."

"मी पण बघते."

"बघा की. पण हात कशाला घालताय." त्यांनी स्वतःचा हात पुसला आणि माझ्या आणि वाळूच्या मधे उभे राहिले. कडक नव्हे, अदबीनं. देवळात म्हाताऱ्या माणसाला पायरीवर सावरायला उभं राहतात तसं. मी परत फिरले.

लॅबमध्ये येऊन मेल उघडले तर पुण्याच्या लोकांचं गेल्या आठवड्यापासून मला काहीच आलेलं नव्हतं. विचारल्यावर संयोगिता म्हणाली, जोतीरामभाऊंनी सांगून ते स्वतःकडं वळवून घेतलेत, तुम्हाला त्रास नको म्हणून.

कामाच्या ठिकाणी कसं वागावं यावर मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. एकात म्हटलेलं असतं, मदत नाकारू नका, नाकारणारा माणूस एकटा पडतो. दुसऱ्यात असतं, तुमचं काम दिसत राहिलं पाहिजे, न दिसणारं काम दुसऱ्याचं होतं. वाचताना दोन्ही पटलं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मी दोन्ही आठवून बघत होते आणि मला ठरवता येत नव्हतं की माझ्या बाबतीत चाललंय ते यातलं काय. ही माणसं माझा भार उचलतायत, की माझ्या हातातलं काढून घेतायत? आणि आमच्यासारख्या घरातून आलेल्या माणसाच्या हातून काम निघून गेलं की आणखी एक प्रश्न बोलावल्याशिवाय येऊन बसतो, जातीचा. तो मी लहानपणापासून ओळखते. माझ्या वडिलांना तो रोज भेटायचा. पण याच माणसांनी इतके दिवस मला स्वतःच्या घरची भाकरी खाऊ घातली होती, त्यामुळं तो प्रश्नही नीट उभा राहीना. येऊन बसायचा आणि अवघडून निघून जायचा.

कसबा बावड्यातल्या घरी आता मी एकटीच. भाऊ अतुल इचलकरंजीला. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. मी त्याला हे सांगायचा प्रयत्न केला.

"काम कमी दिलंय तर बरंच की," तो म्हणाला.

"कमी नाही. दिलंच नाही."

"पगार?"

"पगार आहे."

"मग भांडतेस कुणाशी?"

मला तेच कळत नव्हतं.

ऑडिट जवळ आलं. एका दुपारी मीटिंगच्या खोलीवरून जाताना काचेतून दिसलं की आत राजवर्धन सर बसलेत आणि जोतीरामभाऊ भिंतीवरच्या पडद्यासमोर उभे राहून बोलतायत. पडद्यावर मी काढलेला आलेख होता. भाऊ एका ठिकाणी अडखळले, परत मागं जाऊन बोलले. सर मान हलवत होते.

मी टेबलाशी येऊन बसले. संयोगिता डबा धुऊन आली होती.

"संयोगिता, एक विचारू? खरं सांग. ऑडिटला भाऊ उभे राहणार आहेत?"

ती खुर्ची ओढून जवळ आली. "ताई, रागावू नका. अजून तुमचा दुखवटा कुणी काढला न्हाय न्हवं?"

"म्हणजे?"

"म्हणजे, तुमच्या माणसांनी. मामानं, भावानं. आम्ही वाट बघतोय. भाऊच म्हणाले, त्यांच्या माणसांनी दुखवटा काढला की त्या आपणहून कामाला हात लावतील, तोवर कुणी त्यांच्यावर काही टाकायचं न्हाय. मला तर म्हणाले, एक नमुना जरी तपासायला दिलास तर बघ."

"असं कुठं असतं?" मी विचारलं.

"भाऊंच्या गावात तसंच हाय की," ती म्हणाली. भाऊ बिद्रीकडचे. "त्यांचे वडील गेले तवा म्हणे ऐन उसाच्या लागणीचे दिवस होते. भावकीनं सगळं रान करून दिलं. यांना बांधावरसुद्धा येऊ दिलं न्हाय. मग एक दिवस मामा आले, नवा टॉवेल खांद्यावर टाकला आन धरून शेतावर घेऊन गेले. तिथनं पुढं यांनी काम धरलं. मामा येईस्तोवर आपणहून कुणी जात न्हाय, बरं दिसत न्हाय ते."

"संयोगिता, आमच्या बौद्धांत जलदानविधी झाला, भन्तेजी येऊन गेले, की झालं. मी कामावर आले तीच त्याच्यानंतर आले."

"मग आम्हाला कुणी सांगितलं?"

"मला तरी कुणी विचारलं?"

ती हसली, मग हसू नये असं वाटून थांबली. "म्हणजे तुम्ही आमची वाट बघताय आन आम्ही तुमच्या मामाची."

"मला मामाच नाही," मी म्हणाले.

जोतीरामभाऊ मला भट्टीच्या मागच्या बाजूला भेटले, जिथं थंड झालेला माल झोडून वाळू पाडतात. आवाज एवढा असतो की ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून बोलायचं ते हे नव्हतं. मी त्यांना खुणेनं बाहेर बोलावलं. त्यांचं वय पंचेचाळिशीच्या पुढं, बोलणं रांगडं, हात कायम मागं बांधलेले.

"भाऊ, ऑडिटला मी उभी राहणार आहे."

ते म्हणाले, "कुणी काय बोललं व्हय?"

"कुणी नाही. माझं काम आहे, मला करायचंय."

"म्हणजे मी तुमचं रान बळकावलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"रान असतं तर बांध दिसला असता, भाऊ. मला काहीच दिसत नव्हतं. म्हणून तर इतके दिवस बोलले नाही."

"घ्या." ते भिंतीला टेकले. "घरचं सोडून सकाळी लवकर यायलोय. तुमची वाळू बघायची, मग माझी पाळी. बायको विचारतीया, पगार वाढला का. मी म्हटलं, न्हाय, एका माणसाच्या घरात मयत झालंय. आन तुम्ही आता हिशेब मागाय आला."

"हिशेब नाही मागत. तुम्ही केलंत ते मला कळतंय. पण मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

"असं कुणी विचारतं व्हय? आई गेलेल्या माणसाला जाऊन म्हणायचं, काय ताई, कामाला लागताय का अजून रडताय?"

खरंच, कसं विचारायचं असतं?

त्यांनीच आवाज खाली आणला. "एक खरं सांगतो. पहिल्यांदा तुमच्यासाठीच केलं. मग सर म्हणाले, ऑडिटला तुम्हीच उभे ऱ्हावा जोतीराम. तवा मी न्हाय म्हणायला पायजे होतं. ताईंना विचारतो, एवढं तरी म्हणायचं. ते म्हटलं न्हाय. बरं वाटलं मला. इतक्या वर्षात त्या पडद्यापुढं मला कुणी उभं केलं नव्हतं."

"कधीपासून बरं वाटायला लागलं?"

"ते काय ध्यानात येतंय व्हय," ते म्हणाले. "एकातनं दुसरं कधी झालं, मला बी कळलं न्हाय."

मला राग यायला हवा होता, किंवा निदान सुटल्यासारखं तरी वाटायला हवं होतं. दोन्ही थोडं थोडं आलं आणि कुठलंच टिकलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर? मलाही बरं वाटलं असतं. मग त्यांची चूक कुठल्या दिवसाची धरायची?

दुसऱ्या सकाळी गोलात माझ्या डावीकडचा माणूस थांबला आणि उजवीकडच्यानं तोंड उघडलं तसं मी म्हटलं, "थांबा. माझं आहे."

सगळे बघायला लागले. मी सांगितलं. काल मी काही केलं नाही. आज ऑडिटची तयारी करणार. अडलंय ते असं की गेल्या महिन्यातल्या मालाबद्दल मला काहीच माहीत नाही, ते जोतीरामभाऊंना माहीत आहे, आणि मला ते आज दिवसभरात समजून घ्यायचंय.

राजवर्धन सर गोंधळले. "मॅडम, तुमची इच्छा मला कळते. पण ते लोक उद्या येतायत. जोतीरामची तयारी झालीय. ऐन वेळी बदल..." त्यांनी भाऊंकडं बघितलं. "तुम्ही सांगा."

भाऊ हात मागं बांधून उभे होते. "मी काय सांगू. काम त्यांचं हाय." मग माझ्याकडं न बघता, "मी त्यांना सगळं देतो. पर त्यांनी विचारायला पायजे. ह्याच्या पुढं मी आपणहून एक शब्द सांगणार न्हाय. परत म्हणायच्या, मला न विचारता केलं."

आकाराम फिसकन हसले. सरांना हसावं की नाही कळेना. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. मॅडम उभ्या राहतील. जोतीराम, तुम्ही शेजारी बसा."

तो दिवस मी विचारण्यात घालवला. कुठली पाळी, कुठला साचा, वाळूची गाडी कधी बदलली, कुणी सांगितलं. भाऊ विचारलं तेवढंच सांगायचे, एक वाक्य जास्त नाही. एकदा मी चुकीच्या दिशेनं विचारत गेले तरी ते समोर बसून बघत राहिले. बरंच पुढं गेल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "भाऊ, हे चुकतंय ना?" ते म्हणाले, "आता विचारलंसा. व्हय, चुकतंय." ते मला शिकवत होते की शिक्षा करत होते, मला सांगता आलं नसतं. कदाचित त्यांनाही.

पुण्याहून एक बाई आणि एक गृहस्थ आले. बाई बोलायच्या, गृहस्थ लिहून घ्यायचे. मी पडद्यासमोर उभी राहिले. वाळूचं, पाण्याचं, छिद्रांचं सांगितलं. पहिली काही वाक्यं घाईत झाली, मग ओघ लागला. शॉपवर गेलो तेव्हा मी वाळू मुठीत घेऊन दाबली आणि बाईंसमोर मूठ उघडली. आकाराम बाजूला सरकून उभे राहिले.

परत खोलीत आल्यावर बाईंनी विचारलं, "गेल्या महिन्यात मधेच एका आठवड्यात परत आलेला माल वाढलाय. का?"

तो आठवडा आई दवाखान्यात असतानाचा होता. मी आदल्या दिवशी एवढं विचारलं होतं, पण हे विचारायचं सुटलं होतं. मी भाऊंकडं बघितलं. ते टेबलावर नजर ठेवून बसले होते. त्यांना उत्तर माहीत होतं, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. राजवर्धन सर त्यांच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "त्या आठवड्यात मी इथं नव्हते. जोतीरामभाऊ, का वाढला?"

त्यांनी मान वर केली. "मिक्सरचं पाण्याचं मीटर बिघडलं होतं. तीन पाळ्या अंदाजानं पाणी घातलं. अंदाज चुकला." आणि पुन्हा टेबलाकडं बघायला लागले.

"अंदाज कुणाचा?" बाईंनी विचारलं.

भाऊ गप्प. तो प्रश्न मी विचारला नव्हता. मला वाटतं, तेव्हा मी त्यांना तिथंच सोडून देऊ शकले असते.

"माझ्या जागी वाळू कुणी बघायची, ते मी सांगून गेले नव्हते," मी म्हणाले. "आता लॅबमध्ये वाळू बघणारी माणसं दोन आहेत. एक नसलं तर दुसरं."

गृहस्थांनी लिहून घेतलं. बाईंनी पुढचं विचारलं.

ते लोक गेल्यावर राजवर्धन सर बाहेर आले. ऑडिट बरं झालंय, बाकी कळवतील, असं म्हणाले. मग म्हणाले, "एक तारखेपासून डिपार्टमेंट तुमच्याकडं, मॅडम. सकाळची वाळू मात्र एकानंच बघायची, दोघं नकोत. कोण बघणार ते तुम्ही ठरवा."

मी भाऊंकडं वळले. "एक आठवडा तुम्ही, एक मी?"

"ठरवलंसा तुम्ही," ते म्हणाले. "मग विचारताय कशाला?"

"विचारायचं असतं ना."

ते हसले की नाही हे नीट कळलं नाही, कारण ते तोवर शॉपकडं चालायला लागले होते. ते सकाळी लवकर येतात की नाही, हे मला त्यांचा आठवडा आल्यावरच कळणार होतं. त्यांचं माझ्याशी वाकडं झालंय की सरळ, तेही बहुतेक तेव्हाच.

ऊन उतरलं होतं. स्कूटरपाशी आले तेव्हा मी मनात मिक्सरचं मीटर पुन्हा बिघडलं तर काय करायचं, त्याचा विचार करत होते. मग आठवलं की पुण्याच्या बाईंना एक कागद पाठवायचा राहिलाय. किल्ली लावली. फोन वाजला. अतुल होता.

"अगं, मंगळवार पेठेतल्या त्या दुकानातनं फोन आलता. फ्रेम तयार झालीय म्हणे. तू जातीस आणायला, का मी रविवारी येऊ?"

"कसली फ्रेम?" मी विचारलं.

मग मला कळलं, आईच्या फोटोची. सकाळी घरातून निघाल्यापासून मला आईची एकदाही आठवण झाली नव्हती. त्या बाईंनी त्या आठवड्याबद्दल विचारलं, तेव्हाही मला फक्त मीटर दिसलं होतं. खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसून मी दिवसचे दिवस काय करत होते, ते मला आत्ता दिसलं. तिथं मी आईजवळ बसलेली असायचे, आणि ती खुर्ची आता परत माझ्या टेबलाशी होती.

"निशा?" अतुल म्हणाला.

"मी जाते," मी म्हणाले. "आत्ताच जाते." पण मी तशीच स्कूटरवर बसून राहिले, किल्ली लावलेली, आणि माझ्या मागून पाळी सुटलेली माणसं वळसा घालून फाटकाकडं जात राहिली.